शिडवाल्याच्या माळ्यावरचे सतरा चौकोन

बंदरामागच्या गल्लीत दोरखंडाचं दुकान आहे. त्याच्या वरच्या माळ्यावर शिडवाले काका जन्मले आणि तिथेच राहतात. मधल्या एक्काहत्तर वर्षांत त्यांनी पत्ता बदललेला नाही. माळा म्हणजे एकच खोली, पण अशी लांब, की या टोकाला केलेला चहा त्या टोकाला पोचेपर्यंत निवतो. जमीन लाकडाची, तीन पिढ्यांच्या गुडघ्यांनी घासून गुळगुळीत केलेली. शीड शिवायचं तर ते आधी अख्खं जमिनीवर पसरावं लागतं. म्हणून खाट, स्टोव्ह, कपाट सगळं भिंतीला चिकटून उभं, मास्तरांनी शिक्षा केलेल्या पोरांसारखं.

पूर्वी तिथे अकरा कारागीर बसायचे. आता शिडं यंत्रावर कापली जातात आणि काकांकडे येतात ती होड्यांवरची आच्छादनं, हातगाड्यांच्या ताडपत्र्या, एखाद्या हॉटेलची उन्हाची कनात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला आहे. तीन-चार महिन्यांनी फोन करतो, "तब्येत कशी आहे?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत "बरं बरं" म्हणतो. काका रोज दुपारी चारला टपाल कचेरीत जायचे. आपलं काही आलंय का विचारायला. टपाल घरी येतं हो, पोस्टमन त्याच गल्लीतून जातो! तरी जायचे. खिडकीतली बाई म्हणायची, "नाही हो काका." हे म्हणायचे, "बरं, उद्या बघू." झालं, त्या दिवसाचं बोलणं संपलं.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्यांदा मी माळ्यावर गेले ती भांडायला.

समुद्रावरून एकटी आलेली मुलं, म्हणजे सोबत आई नाही, बाप नाही, मोठं कुणीच नाही आणि वय अठराच्या आत, अशांसाठी आम्ही त्याच गल्लीच्या तोंडाशी एक घर चालवत होतो. आम्ही म्हणजे मी, एक स्वयंपाकीण आणि अर्ध्या दिवसाचे एक मास्तर. आमची पोरं काकांच्या जिन्यावर बसायची. एक दिवस जिन्याला आडवी दोरी बांधलेली दिसली. माझं डोकं फिरलं. दोरीखालून वाकून मी तरातरा वर गेले.

"जिना काय तुमच्या बापाचा आहे?"

काकांनी मानही वर केली नाही. "आजोबांचा," म्हणाले. "बापाने नुसता कठडा लावला."

माझी निम्मी वाफ तिथेच गेली.

"आणि दोरी पोरांसाठी नाही, तिसऱ्या पायरीसाठी आहे. कुजलीय. पोरगं खाली गेलं तर तूच मोर्चा आणशील माझ्या दारात, पुढारीणबाई."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पुढारीणबाई. पायरी मी दुसऱ्या दिवशी सुतार आणून बदलून घेतली, आणि बदल्यात माळा मागितला. गुरुवारी रंग, शनिवारी पाणी, अशी माझी योजना होती. या पोरांना समुद्र एकदाच भेटला होता, आणि कसा भेटला ते विचारायची सोय नव्हती. तीन आठवड्यांतून एकदा एक बाई यायच्या, मनाचं विचारायच्या, पोरं पाठ केलेली उत्तरं द्यायची. माझं म्हणणं सरळ होतं. ज्या पाण्यावरून यांना सामानासारखं कोंबून आणलं, त्या पाण्यावर एकदा सुकाणू यांच्या हातात द्यायचं. आणि ते शीडही यांनीच रंगवायचं. शीड लांब पट्टे एकमेकांना शिवून होतं. नऊ पोरं, नऊ पट्टे.

"शिडावर चित्रं?" काका म्हणाले. "शीड वाऱ्याला दाखवायचं असतं. पाहुण्यांना नाही."

"मग वारा बघेल."

"जाड रंगाने कापड ताठ होतं, शिवणीशी तडकतं. पातळ रंग वापरायचा, कापडात मुरणारा. आणि चित्रं कशीही काढा, शिवण माझ्या पद्धतीची. वाकडी गेली तर उसवणार. रडलेलं चालणार नाही."

पोरं रडली नाहीत. काकांनी मात्र उसवली, सारखी उसवली. एका पोराने चौथ्यांदा उसवलेली शिवण बघून त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. काका म्हणाले, "शिवी आहे ना? पुन्हा म्हण, नीट ऐकू दे." आणि खांदे हलवत राहिले. ते हसतात तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

त्या नवांतली एक पोरगी म्हणजे टाचणी. हे नाव काकांनीच ठेवलं. अंगाने तशीच, आणि ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नाही. मला तर वाटतं टाचण्या त्यासाठीच धरायची. पहिल्या शनिवारी काकांच्या होडीत बसली ती तळाशी, तोंड फळ्यांकडे करून. बाकीचे आम्ही "बघ, बघ, काही नाही होत" करत होतो. काकांनी आम्हाला गप्प केलं आणि तिच्या हातात एक डबा दिला. होडीच्या तळाशी थोडं पाणी साचतंच, ते उपसून बाहेर टाकायचं. खाली बघत करायचं काम. सात शनिवार तिने तेच केलं. आठव्या शनिवारी वारा जोराचा होता, शीड फडफडलं आणि तिने झटकन वर बघितलं. टाचण्या तोंडातून काढल्या आणि म्हणाली, "काका, तिसरी शिवण सैल."

होती सैल. काकांची स्वतःची शिवण होती ती.

"उतरलो की उसव," काका म्हणाले. एवढंच. पण सुकाणू तिच्याकडे सरकवलं, आणि तिने धरलं.

नंतर ती शाळा सुटली की रोज चारला माळ्यावर जायला लागली. दाभण कसं धरायचं, तळहाताला चामडी पट्टा बांधून ते कसं रेटायचं, दोऱ्याला मेण किती. लांब कापडाला दोन माणसं लागतात, एक इकडे, एक तिकडे. नऊ वर्षं काका दुसऱ्या टोकावर लोखंडाचं वजन ठेवून काम करत होते. टपाल कचेरीतल्या बाईने एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं, "ते शिडवाले काका आजारी आहेत का हो? येत नाहीत."

असं वर्ष गेलं आणि वर दोन महिने. मग डिसेंबर आला.

एक जानेवारीबद्दल सांगायला हवं. कागदपत्रं नसलेल्या पोराची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, म्हणून कचेरी सगळ्यांना एकच तारीख देते. एक जानेवारी. वर्ष तेवढं विचारून लिहायचं. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचा वाढदिवस एका दिवशी, आणि अठरा भरली की घर सोडायचं तेही एका दिवशी. त्या एक जानेवारीला आमच्या नवांतले सहाजण अठराचे होणार होते. टाचणी त्यांतली एक. अठरानंतर मोठ्यांची छावणी. कारखान्याची जुनी गोदामं, आत पडदे लावून केलेल्या खोल्या, आणि तिथून माणसाला त्याच्या देशात परत धाडायला नुसती एक सही पुरते. पोरांना तसं धाडत नाहीत. सगळा फरक त्या एका तारखेचा. एखाद्या कुटुंबाने लेखी घेतलं, तर मात्र माणूस छावणीऐवजी तिथे राहू शकतो.

काकांनी अर्ज केला. मला न विचारता, मोठ्या अक्षरात. 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात लिहिलं, 'मी'.

तपासणीला माणूस येणार त्याच्या आदल्या दिवशी मी वर गेले, तर माळ्याच्या मध्ये भिंत उभी! शिडाच्या सगळ्यात जाड कापडाची, जमिनीपासून आढ्यापर्यंत ताणलेली, कडांना पितळी कड्या. दारसुद्धा होतं, खालून वर गुंडाळायचं. पलीकडे खाट, खुर्ची, खिळ्याला आरसा.

"बोट मारून बघ," काका म्हणाले.

मारलं. ढोलासारखं वाजलं.

"वादळात फाटत नाही हे कापड. आणि तो माणूस काय वादळ आहे?"

माणूस आला, चपळ, सभ्य. त्याने फीत काढून खोली मोजली, न्हाणीघर एकच आहे असं लिहिलं, वय लिहिलं, घरात बाईमाणूस नाही असं लिहिलं. मग कापडाच्या भिंतीपाशी थांबला. "काका, काम सुंदर आहे. पण कापडाची भिंत, भिंत म्हणून धरत नाहीत."

"मग काय म्हणून धरतात?"

"पडदा."

काकांना 'पडदा' फार लागलं. नकाराचं पत्र चार दिवसांनी आलं, पण माझ्या मते नकार तो तिथेच होता.

राहिले अठरा दिवस. आणि एका दुपारी काका आमच्या घरी आले. याआधी कधी आले नव्हते. हाताचा चामडी पट्टासुद्धा काढला नव्हता. माझ्या टेबलावरच्या फायली बाजूला सारून त्यांनी एक गुंडाळी उलगडली. टाचणीचा पट्टा, शिडातून उसवून आणलेला. तिने त्यावर एकाखाली एक चौकोन काढले होते, वर्षाला एक. मी ते शंभरदा पाहिले होते. घर, बकरी, जळकं झाड, बस, होडी, आमचं दार.

"मोज," काका म्हणाले.

"कशाला?"

"मोज म्हटलं ना."

सतरा होते. "बरोबर आहे की. सतराची आहे, आता अठराची होईल."

"पहिला बघ. नुसता काळपट निळा आहे. मी तिला म्हटलं, अगं हा रंगवायचा राहिला. ती म्हणाली, राहिला नाही, आत मी आहे. आईच्या पोटात. त्यांच्याकडे ते पहिलं वर्ष धरतात. पोर बाहेर येतं तेच एक वर्षाचं होऊन." काकांनी बोट खाली आणलं. "म्हणजे सोळा. पुढारीणबाई, तू हिला एक वर्ष जास्त लावलंयस."

मी भडकले. मी पंधरा वर्षं हे काम करते, आठवी शिकून सरकारी कायदे तोंडपाठ केलेत, मला वय लिहायला शिकवू नका, असं बरंच. स्वयंपाकीण दारात येऊन उभी राहिली, इतका आवाज.

"शिकवत नाही," काका म्हणाले. "मोजून सांगतोय. कागद बदलून घे."

"तसा बदलता येत नाही."

"का?"

हे उत्तर मला द्यायचं नव्हतं, पण दिलं. ती आली त्या दिवशी धक्क्यावर अकरा पोरं होती आणि तिच्या भाषेचा दुभाष्या नव्हता. त्याची वाट बघायची तर तिला चार दिवस धक्क्यावरच्या बाकावर झोपावं लागलं असतं. मी बोटांनी विचारलं, तिने बोटांनी दाखवलं. दहा आणि सहा. मी सोळा लिहिलं, आणि 'दुभाष्या हजर होता' या वाक्यापुढे होय अशी खूण करून सही ठोकली. अशा खुणा मी अनेक केल्या होत्या. पोरं लवकर आत यायची. मला त्याचा अभिमानच होता.

"म्हणजे दुभाष्या नव्हता," काका म्हणाले.

"नव्हता. आणि मी हे लिहून दिलं तर घराची परवानगी जाईल. माझी पाटी उतरेल."

काकांनी पट्टा गुंडाळला नाही. तसाच माझ्या टेबलावर ठेवला. "माझी शिवण चुकली तर मी उसवतो," म्हणाले. "पण माझा दोराच जातो फक्त. तुझं किती जाईल, ते मला कळत नाही. मी नाही सांगणार तुला." आणि गेले.

चार दिवस मी काही केलं नाही. बाकीच्या आठजणांचं काय, असं स्वतःला बजावत राहिले. पण त्या आठांतले पाच तसेही एक तारखेला जाणारच होते. खरं हे, की दारावरची ती पाटी मी स्वतः रंगवली होती आणि मला ती फार प्यारी होती.

पाचव्या दिवशी मी कचेरीत गेले. वयाच्या टेबलावर एक तरुण साहेब होता. त्याने पट्टा बघितला, चौकोन मोजले, चांगलं आहे म्हणाला. "पण ताई, चित्र पुरावा होत नाही."

"चित्र नका धरू. माझी सही धरा. ती खोटी आहे असं लिहून देते."

त्याने पेन खाली ठेवलं आणि उठून मला खुर्ची दिली. पंधरा वर्षांत त्या कचेरीत मला कुणी खुर्ची दिली नव्हती.

त्याने मनापासून काम केलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या शहरातून फोनवर दुभाष्या मिळवला, टाचणीला पुन्हा सगळं विचारलं. एकोणतीस तारखेला निकाल आला. जन्मवर्ष दुरुस्त. एक जानेवारीला ती सतराची, आणखी एक वर्ष तिला कुणी हात लावू शकत नाही. खाली दुसरा परिच्छेद होता. आमच्या घराची परवानगी थांबवली आहे, अठराच्या आतल्या मुलांना इतर घरांत हलवावं. टाचणीला जागा मिळाली ती आतल्या प्रदेशात, बसने नऊ तास. तिथे समुद्र नाही.

मी माळ्यावर गेले. काका दोऱ्याला मेण लावत होते. टाचणी दुसऱ्या टोकाला बसली होती. मी दोघांना वाचून दाखवलं.

"म्हणजे वर्ष मिळालं तिला," काका म्हणाले.

"मिळालं."

"आणि जाणार."

"हो."

"आधी जायची होती ती छावणी कुठे आहे म्हणालीस?"

"इथून चाळीस मिनिटं."

मग टाचणीने टाचण्या तोंडातून एकेक काढून उशीत खोचल्या. "ताई, मी मोठी असते तर शनिवारी आले असते ना?"

"आली असतीस. पण तिथून तुला—"

"मला सोळा नको होते," ती म्हणाली. माझ्याकडे बघून, अगदी स्वच्छ भाषेत. माझ्यावर ओरडणारी माणसं मी खूप पचवलीत. ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती दोन जानेवारीला गेली. मोठी पाच एक तारखेला गेली होती, उरलेले तिघे तीनला गेले. स्वयंपाकीण दुसरीकडे लागली. टाचणीचा पट्टा कचेरीच्या फाईलमध्येच राहिला. पुरावा नाही म्हणत म्हणत साहेबाने त्याला दोन भोकं पाडून दोरीत ओवला होता. म्हणून काकांनी शिडात त्या जागी कोरं पांढरं कापड लावलं. एका शनिवारी मी धक्क्यावरून बघितलं. रंगीत आठ पट्टे, एक पांढरा, आणि होडीत एकटा माणूस. तो दर थोड्या वेळाने सुकाणू काखेत दाबून खाली वाकायचा आणि डब्याने पाणी उपसायचा.

चार वाजता ते पुन्हा टपाल कचेरीत जायला लागले, असं खिडकीतल्या बाईने सांगितलं. मी वर जायचं टाळत होते. माझ्याकडे आता ना घर होतं, ना गुरुवार. कुठल्या तोंडाने जायचं?

फेब्रुवारीत दोरखंडाच्या दुकानदाराने सांगितलं, काका दोन दिवस बाहेरगावी जाऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा! तेव्हा मात्र मला राहवलं नाही. वर गेले. जमिनीवर एक अजस्र ताडपत्री पसरलेली होती, कोपऱ्यांवर लोखंडी वजनं. कापडाची ती भिंत अजून तशीच उभी होती, दार वर गुंडाळलेलं. काका गुडघ्यांवर बसून खडूने रेघ मारत होते.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली. अर्धा तास देतात. एक बाई बसते समोर."

"कशी आहे?"

"जाड झालीय थोडी. शाळेत शिवणाचा वर्ग आहे म्हणाली. झबली शिवायला लावतात." त्यांनी नाक मुरडलं. "तिथे तळं आहे एक. मला दाखवलं खिडकीतून. मी म्हटलं, छान आहे."

"आणखी काय बोललात?"

"विचारत होती, नवीन पोरं आली का माळ्यावर. मी म्हटलं, आलीत."

"का?"

"का म्हणजे? नाहीतर बसली असती माझी काळजी करत."

ते रेघ मारत पुढे सरकले. खडूचा कोरडा आवाज येत होता. मी त्यांच्यामागून सरकत राहिले. शेवटी जे विचारायला आले होते ते विचारलं.

"काका, माझा राग आला होता?"

"आला होता." ते पुन्हा थोडे सरकले. "जाताना नऊ तास होता बरोबर. येताना मला झोप लागली." मग त्यांनी मान वर केली, माझ्या पायांकडे बघितलं. "बाजूला हो. कापडावर उभी आहेस."